झाकलेले खुंट

घरात फावडी तीन आणि दांडा एक. बाकीचे दोन दांडे आगीत गेले. सकाळी जो आधी उठेल त्याचा दांडा.

०

आगीनंतरच्या पंधरवड्यात शेळीने दोन दिवस दूध वाढवून दिलं. कारण कोणी विचारलं नाही. दुष्काळात मिळालेल्या दुधाला कोण कारण विचारतो.

०

पावसाने सलग तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलं तेव्हा डोंगरावरच्या झाडांनी वेळेआधीच पानं टाकली. पातळ सालीच्या, पापुद्रा म्हणतात त्या झाडांनी आधी, जाडसालींनी मागाहून. पान नाही म्हणजे तहान कमी. खालच्या वस्तीतले लोक म्हणाले, झाडं मेली. झाडं मेली नव्हती, पण टाकलेली पानं वाळली, आणि आगीला आयतं अंथरूण झालं.

०

भट्टीचा धूर आधी पांढरा असतो. ते लाकडातलं पाणी. मग पिवळा, डोळ्यांत मिरची घातल्यासारखा. शेवटी निळा, पातळ, आहे की नाही असा. निळा झाला की सगळी भोकं बुजवायची आणि हात धुवायचे. आत कोळसा तयार आहे.

०

म्हातारी थुंकली की काळं पडतं. "हे आगीचं नाही हं," ती आल्यागेल्याला सांगते. "हे माझं स्वतःचं आहे. लग्नापासूनचं."

०

आग तीन बाजूंनी आली आणि चौथीने गेली.

कोळसेवाल्यांचं घर उताराच्या पायथ्याशी, मातीचं, म्हणून वाचलं. छपराचा एक कोपरा गेला. घरात चौघं: म्हातारी, तिची थोरली सून, धाकटा मुलगा आणि त्याची बायको. थोरला मुलगा भट्टीच्या पाठीवर माती चढवताना छत खचून आत गेला होता, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून थोरली त्याच्या वाट्याचं काम करत होती, आणि कोणी थांब म्हणालं नव्हतं.

उताराचे दोन भाग. खालचा धाकट्याचा, वरचा थोरलीचा. मधे एक लांबट कातळ आडवा पडलेला, तीच हद्द. कातळाच्या वर आणखी एक उभा सुळका होता आणि त्याच्यापलीकडे थोरलीच्या वाट्याचा शेवटचा तुकडा.

या घराची कामाची रीत अशी: झाड गुडघ्याइतकं ठेवून कापायचं. काप तिरका घ्यायचा, म्हणजे खुंटावर पाणी साचत नाही आणि मूळ कुजत नाही. खुंटाला कोंब फुटतात. त्यातले दणकट तीन ठेवायचे, बाकीचे खुडायचे. ते मांडीएवढे झाले की परत यायचं. आजेसासऱ्याने कापलेलं झाड थोरली अजून कापत होती. या घराने आजवर झाडं कापली होती, मारलं एकही नव्हतं.

आग गेल्यावर उतारावर नुसते काळे खुंट उरले आणि ते आतून धुमसत राहिले. थोरली पहाटे उठली, दांडा तिचाच होता, आणि वर चढली.

धुमसणारी वस्तू दिसली की कोळसेवाल्याचे हात आपोआप चालतात. तिने पहिल्या खुंटाभोवती माती ओढली, वर थर दिला, फावड्याच्या पाठीने थोपटला. मग दुसरा. मग पुढचा. दिवसभर, दुसऱ्या दिवशीही. माती इतकी तापलेली की थोपटताना दांड्यातून हाताला चटका यायचा. घाम गालावर यायच्या आत वाळायचा आणि मिठाची रेघ राहायची. ओठ फुटले. ती थुंकी गिळत राहिली, कारण थुंकायला पाणी लागतं.

सगळ्यात मोठा खुंट नवऱ्याने शेवटचा कापलेला. त्यावर तिने दुप्पट माती घातली.

सुळक्यापलीकडे जायचं राहिलं. तिथे जाताना जळक्या मुळाच्या पोकळीवर पाय पडला, वरून राख, खाली निखारा, आणि टाच भाजली. ती बसली, पायावर माती टाकली, लंगडत खाली आली.

"किती राहिले?" म्हातारीने विचारलं.

"सुळक्यामागचे सगळे. उघडे जळतायत."

"गेले म्हण."

"गेले," थोरली म्हणाली. टाचेला गार चिखल लावून घेत तिने वर बघितलं. झाकलेल्या खुंटांमधून बारीक धूर निघत होता. पुढचे काही दिवस तो निघत राहिला, पातळ होत होत निळसर झाला, आणि मग थांबला.

"विझत आलं बघा, आत्याबाई," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

०

टँकर यायचा सडकेवर. रांगेत कोळसेवाल्यांना सगळ्यात मागे ढकललं जायचं. यांच्याच भट्टीची ठिणगी, असं वस्तीत ठरून गेलं होतं. भट्टी तर वर्षभर पेटलीच नव्हती, कारण ती विझवायला लागतं तेवढं पाणी कुठून आणायचं.

"यांनीच लावली," एक बाई थोरलीच्या घागरीकडे बघत म्हणाली.

"आम्ही लावली असती तर नीट लावली असती," थोरली म्हणाली. "निम्मं लाकूड वाया घालवलंय. बघवत नाही."

मागून कोणीतरी हसलं. बाईने घागर पायाने सरकवली. थोरलीने ती पुन्हा जागेवर ठेवली, आणि तिच्यावर बसून राहिली.

०

जंगलाचा गार्ड आला तो चालत. त्याची मोटरसायकल खाली पंक्चर झाली होती. वाईट माणूस नव्हता. बातमी सांगण्याआधी त्याने पाणी मागितलं नाही, यावरूनच म्हातारीने ओळखलं की बातमी वाईट आहे.

"उतार मेलेला धरलाय," तो म्हणाला. "वरच्यांनी. मशीन येणार, मुळांसकट सगळं काढणार, सपाट करणार. मग एकाच जातीची रोपं लावायची. लवकर वाढणारी."

"आणि आम्ही?" धाकट्याने विचारलं.

"निघालेली मुळं तुम्ही न्या. कोळसा करा. कोणी अडवणार नाही."

धाकट्याचा चेहरा खुलला. मुळाचा कोळसा जड असतो, व्यापारी त्याच्यासाठी ट्रक घरापर्यंत आणतो. तिसरं वर्ष होतं. धाकट्याचा गळा शर्टाच्या कॉलरमधून काठीसारखा दिसत होता, आणि त्याच्या बायकोने अंगठीला दोरा गुंडाळला होता, नाहीतर ती गळून पडायची.

"आणि जे जिवंत असेल ते?" थोरलीने विचारलं.

"बाई, काय जिवंत आहे यात?"

"असलं तर?"

गार्डने वर बघितलं, मग तिच्याकडे. "दाखवा. दाखवलंत तर ठेवू. मला काय मशीनमागे धूळ खायची हौस आहे का?"

तो गेल्यावर धाकटा म्हणाला, "वहिनी, तू कशाला तोंड घातलंस?"

"माझ्या वाट्याचं आहे म्हणून."

"यंदा खायचं काय?"

"आणि पुढच्या वर्षी? मूळ काढलंस की परत कुठे येशील? त्यांची रोपं तुला कापू देणार आहेत?"

"पुढच्या वर्षी आपण असलो तर बघू."

"मी असणार आहे," थोरली म्हणाली.

"तुमचं पोट एकटीचं आहे," धाकट्याची बायको चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. आवाज चढवला नाही, वरही बघितलं नाही. "एकटीने बोलायला सोपं असतं, जाऊबाई."

थोरली उठली, अंगणात गेली, तीन दगड आणले आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला मांडले.

चूल वेगळी झाली. भांडी वाटली गेली. भोक पडलेलं पातेलं थोरलीकडे आलं, आणि झाकण दुसरीकडे राहिलं.

"मला कोणाच्या वाट्याला घातलंय?" म्हातारीने आतून विचारलं.

 त्या दिवसापासून म्हातारी दोन्ही चुलींवर जेवू लागली आणि दोन्हीकडचं मीठ कमी आहे म्हणून सांगू लागली.

दांड्याची भांडणं मात्र थांबली. धाकट्याने तो उशाला घेऊन झोपायला सुरुवात केली. थोरली नुसत्या फावड्याच्या पात्याने, गुडघ्यांवर बसून, कातळाजवळची माती सारखी करत राहिली. खुंट उघडून बघायचा मोह होत होता. पण भट्टी अर्ध्यात उघडायची नसते, हवा लागली की सगळं पेटतं, हे तिच्या हाडात होतं. तिने एकही खुंट उघडला नाही.

०

मशीन पिवळं होतं. ड्रायव्हर जाड, त्याने डोक्याला ओला रुमाल बांधलेला. ओला. सगळ्यांनी आधी तो रुमाल बघितला.

सकाळी खालच्या भागापासून सुरुवात झाली. मशीनचा दात खुंटाखाली शिरायचा, मशीन मागे रेलायचं, जमीन आधी फुगायची आणि मग फाटायची. मुळं वर यायची, हातभर, पुरुषभर, त्यांना लोंबणारी लाल माती. धाकटा धावत जाऊन ती ओढायचा. त्याच्या पाठीच्या कण्याचे मणके शर्टातून मोजता येत होते.

एक मूळ मधेच तुटलं. तुटलेलं टोक धाकट्याच्या हातात आलं. ते आतून पांढरं होतं, आणि त्याच्या तळव्याला ओल लागली. त्याने तळवा बघितला. वर कातळावर थोरली बसलेली होती, ती त्याच्याकडे बघत होती.

"ओलं आहे," तो बायकोला म्हणाला. "वाळवायला वेळ जाईल." आणि ते ढिगावर टाकलं.

दुपारनंतर मशीन कातळापाशी आलं. थोरली उठली, मशीनच्या दातासमोर उभी राहिली.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ती हलली नाही. त्याने पुन्हा वाजवला.

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली. "म्हातारी बहिरी आहे, मी नाही."

"मी काही बहिरी नाही," म्हातारी खालून ओरडली.

गार्ड घाम पुसत वर आला. "बाई, आता काय?"

"दाखवा म्हणालात. दाखवते."

तिने सगळ्यात मोठा खुंट निवडला. नवऱ्याने शेवटचा कापलेला, दुप्पट माती घातलेला. ती गुडघ्यांवर बसली. गार्ड उभा, धाकटा आणि त्याची बायको कातळाला टेकून, ड्रायव्हरने इंजिन बंद केलेलं. सकाळपासून पहिल्यांदा उतारावर शांतता होती. तिने मातीचा वरचा थर हाताने काढला, मग आतला. माती चांगली दाबली होती, ढेकळं निघाली. खाली काळं लागलं. तिने फावड्याच्या पात्याने त्यावर टिचकी मारल्यासारखं केलं.

टण्ण.

तो आवाज त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होता. काचेसारखा, स्वच्छ. लाकूड असा आवाज करत नाही.

तिने पातं घालून उचकटलं. खुंट फुटला. आत चकाकी होती, वर्तुळ न् वर्तुळ शाबूत, एक तडा नाही. मुळापर्यंत, जेवढं दिसत होतं तेवढं सगळं तसंच.

"वहिनी," धाकटा हळूच म्हणाला, "भट्टी बेस लावलीस."

तिने शेजारचा उघडला. टण्ण. त्याच्या पुढचा. टण्ण.

निळा धूर. तिने बघितला होता. इतकी वर्षं धुराच्या रंगावर पोट भरलेल्या बाईने, समोर बसून, टाचेला चिखल लावत बघितला होता आणि म्हणाली होती, विझत आलं.

धाकट्याची बायको तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागली. हसत नव्हती. ड्रायव्हरला काही कळलं नव्हतं, तो विचारत होता, "काय झालं? मेलंय ना? मग?"

"उठा, बाई," गार्ड म्हणाला. मऊ आवाजात म्हणाला, आणि तेच जास्त लागलं.

थोरली उठली नाही. तिने कोळशाचे तुकडे मोठे आधी, बारीक नंतर असे पाटीत भरायला सुरुवात केली. घाई नव्हती. पाटी भरली तशी ती धाकट्याच्या पायाशी नेऊन ठेवली.

"घे. पहिल्या प्रतीचा आहे. तुझ्या ओल्या मुळांसारखा वाळवायला लागणार नाही."

"वहिनी..."

"जेवढे मी झाकले तेवढे सगळे असेच निघतील. काढून घे. मशीनने नको, चुरा होईल. हाताने काढ." मग ती गार्डकडे वळली. "अजून संपलं नाही."

"आता काय राहिलंय?"

"सुळक्यामागचे."

"ते तर उघडेच जळले," धाकटा म्हणाला.

"म्हणूनच."

ती लंगडत निघाली. टाच अजून भरली नव्हती, चढणीवर पाय वाकडा टाकावा लागत होता. मागे कोणी येतंय का हे तिने बघितलं नाही. आधी गार्ड निघाला, कारण ती त्याची जबाबदारी होती. मग ड्रायव्हर, कारण त्याला कुतूहल होतं. मग धाकटा. त्याची बायको शेळीचा दोर हातात धरून शेवटी.

सुळक्यामागे दृश्य वाईट होतं. खुंट एका बाजूने पोखरून निघालेले, आत डोकं घालता येईल एवढी भगदाडं. आग आली तशी भसाभस जळाली, लाकूड संपलं आणि निघून गेली होती. तिला तिथे कोणी कोंडून ठेवलं नव्हतं.

थोरली पहिल्या खुंटाच्या न जळालेल्या बाजूला बसली. हा पापुद्रा होता. तिने नखाने साल खरवडली, मग खाली माती उकरून तिथे खरवडली. तपकिरी, कोरडी.

"हा मेलाय," ती म्हणाली. "हा न्या."

पुढचाही पापुद्रा. "हाही."

गार्डने ड्रायव्हरकडे बघितलं. तिसरा जाडसाल होता. साल वीतभर जाड, बाहेरून कोळसा झालेली. तिने हाताने राख बाजूला केली, त्याखालची माती उकरली. बोटं थांबली.

तिने ओंजळीने माती आणखी मागे ओढली. मग सरकली, बाकीच्यांना दिसेल अशी.

मातीच्या पातळीखाली, सालीच्या घडीतून, तांबड्या गाठी वर आल्या होत्या. मसुराएवढ्या. काही त्याहून मोठ्या, टोकाशी उलगडायला लागलेल्या, तांब्याच्या तारेच्या रंगाच्या. त्यांना हिरवा रंग अजून यायचा होता.

ड्रायव्हर उकिडवा बसला. रुमाल डोक्यावरून काढला. "पाऊस तर नाही पडला," तो म्हणाला.

"पावसाला विचारून नाही आलेत ते," थोरली म्हणाली.

ती पुढे सरकत गेली. मेलेला, मेलेला, जिवंत. मेलेला, जिवंत. एका ठिकाणी खुंट पार नाहीसा झालेला, नुसता खड्डा, आणि खड्ड्यापासून चार हातांवर, जिथे काहीच नव्हतं, तिथून मुळाने स्वतःच डोकं बाहेर काढलेलं. जे मेलं होतं त्याला ती मेलं म्हणत होती, कुठेही अडखळत नव्हती, आणि त्यामुळेच जिवंत म्हणाली की गार्डला वाकून बघायची गरज वाटेनाशी झाली.

"निम्मेसुद्धा नाहीत," शेवटी तो म्हणाला.

"निम्मे कशाला लागतात?"

"वर विचारावं लागेल."

"विचारा. मी इथेच आहे."

ती बसली. जळका पाय पुढे पसरला, त्या तांबड्या गाठींच्या शेजारी.

ड्रायव्हरला काम आटपायचं होतं. दिवस कलत होता. "तुमची भावजय आहे ना?" तो धाकट्याला म्हणाला. "उचला की. फार तर शिव्या देईल."

धाकट्याने तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या तळव्याकडे, जिथे सकाळची ओल केव्हाच वाळली होती पण माती चिकटून राहिली होती.

"तू उचल," तो म्हणाला. "मी बघतो."

ड्रायव्हर उठला, दोन पावलं पुढे आला. धाकटाही दोन पावलं पुढे आला, आणि मधे उभा राहिला. तिथे तसं उभं राहायचं काही कारण नव्हतं. त्याच्या हातात फावडं होतं, दांड्याचं.

"च्यायला," ड्रायव्हर म्हणाला, "एकाच घरचे दिसताय." आणि त्याने रुमाल पुन्हा डोक्याला बांधला.

गार्डने फोन काढला. रेंज नव्हती. तो फोन वर धरून सुळक्यावर चढू लागला, खाली उतरला, पुन्हा चढला. तेवढ्यात ड्रायव्हरने खाली जाऊन मशीन सुरू केलं आणि ते मागे वळवलं, आजच्यापुरतं, असं सांगून. उद्या परत येतो का ते साहेब सांगतील, म्हणाला.

"ये," थोरली म्हणाली. "उद्याही मी आहे. परवाही."

खालून म्हातारीचा आवाज आला. ती पाण्याचा तांब्या घेऊन कातळापर्यंत चढली होती आणि तिथून पुढे येत नव्हती. "कोणाच्या चुलीवर शिजवायचंय आज? मला एकदा सांगा. माझे पाय दुखतात दोन्हीकडे जाऊन."

धाकट्याने फावडं थोरलीच्या शेजारी आडवं ठेवलं. दांड्यासकट.

"उद्या लवकर उठायचंय तुला," तो म्हणाला. "मी झोपणार आहे." आणि झाकलेल्या खुंटांकडे गेला, पाटी घेऊन.

त्याची बायको अजून उभी होती. शेळीने मान ताणली होती, ओठ पुढे काढले होते, दोर ताठ झाला होता.

"आधी ती शेळी बांध," थोरली म्हणाली.

"शेळीने काय केलंय तुमचं, जाऊबाई?"

"बांध म्हणलं ना."

ती कुरकुरत गेली, आणि खाली घराच्या मागच्या खुंटीला तिने शेळी आखूड दोराने बांधली. शेळी ओरडत राहिली. संध्याकाळचा वारा सुटला, राख उडाली, आणि थोरलीने दोन्ही हातांची ओंजळ करून गाठींवर धरली.

या उतारावरचे पहिले कोंब आगीनंतरच्या पंधरवड्यात फुटले होते, खालच्या भागात, घराच्या मागच्याच खुंटाला, आणि ते शेळीने खाल्ले.